भांडण तोंडाचं आणि हाताचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याच्या बाजूला एका हॉलमध्ये मी संध्याकाळी ज्युडो आणि थोडंफार स्वसंरक्षण शिकवते. क्लास सुटल्यावर चपला घालता घालता लोक जे विचारतात आणि रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर जे येतं, ते सगळं एकदाचं इथे लिहून टाकलंय. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही.

भांडण तोंडावरच राहील की हातघाईवर येईल हे आधी कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. पण आधी एक बघायचं, समोरच्याला हवंय काय? एका प्रकारात त्याचा मान दुखावलेला असतो, चारचौघांत त्याला कमीपणा आलाय असं वाटतं आणि तो त्याला परत मिळवायचा असतो. पार्किंग, ओव्हरटेक, बारमधला धक्का, फुटबॉलची मॅच, शेजाऱ्याच्या कौलांवर पडलेली आपल्या माडाची चुडतं, आपल्याकडची बहुतेक भांडणं ही. दुसऱ्या प्रकारात त्याला तुमच्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय, पैसे, फोन, गाडी, किंवा बाईमाणसाच्या बाबतीत त्याहून वाईट. तिथे मानापमान वगैरे काही नसतं, त्याचं बोलणं फक्त तुम्हाला जागेवर थांबवून ठेवायला असतं, "पात्रांव, टायम कितलो जालो?" (साहेब, किती वाजले?) असं गोड बोलतच तो जवळ येतो.

पहिल्या प्रकारात तुम्ही थोडं नमतं घेतलंत की भांडण विझतं आणि दुसऱ्यात नमतं घेतलंत की तो अजून एक पाऊल पुढे येतो. म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला विष. खाली जे काही लिहिलंय ते कुठलं कुठे लागू आहे हे वाचताना डोक्यात ठेवा.

आता खुणा. ओरडणारा माणूस बऱ्याचदा ओरडूनच मोकळा होतो, त्याची एवढी भीती नाही. भीती आहे ती ओरडता ओरडता एकदम गप्प झालेल्याची. तेच एक वाक्य परत परत म्हणणारा ("काय म्हणालास? काय म्हणालास?"), तुमच्या खांद्यावरून मागे कोण आहे ते बघणारा, फोन मित्राच्या हातात देणारा, घड्याळ काढणारा, एक पाय मागे नेऊन अंग तिरकं करणारा, दात आवळलेला. यातलं काही दिसलं तर मुद्दा कोणाचा बरोबर हा विषय तिथेच संपवा आणि निघायची वाट बघा.

बरं, मानाचं भांडण आहे. बोलायचं काय?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात स्कूटर लावली, परत आलात तर एकजण तुमच्या गाडीला पाय लावून उभा आहे आणि म्हणतोय की तुझ्या गाडीमुळे माझी गाडी अर्धा तास अडकली. आजूबाजूला मिरच्या विकणाऱ्या बायका, कदंब बसची वाट बघणारे, सगळे बघतायत. त्या माणसाची अर्धी अडचण गाडी नाहीच आहे, अडचण ही आहे की त्याने एवढ्या लोकांसमोर आवाज चढवलाय आणि आता काहीही न होता गप्प बसला तर त्याचं हसं होईल. तुमचं काम त्याला मागे फिरायला दार ठेवणं. "हो भाऊ, अर्धा तास म्हणजे वैताग आलाच असणार, लगेच काढते." एवढंच. त्यात "पण" घालायचा नाही. "वैताग आला असणार पण तुम्ही पण..." म्हटलं की झालं, पहिल्यापासून सुरू.

आवाज त्याच्यापेक्षा खाली आणि सावकाश ठेवायचा. प्रश्न विचारायचा, आणि तो खरा प्रश्न असला पाहिजे: "गाडी कुठल्या बाजूने काढू, तुम्ही सांगा." माणूस उत्तर शोधायला लागला की तेवढा वेळ तरी राग बाजूला पडतो. जमलं तर बघ्यांपासून दोन पावलं बाजूला न्यायचं, प्रेक्षक नसले की निम्मी भांडणं आपोआप संपतात.

काय बोलायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. "शांत हो" म्हणू नका, आजपर्यंत ते ऐकून कोणी शांत झालेला मी तरी पाहिला नाही. बोट रोखू नका, खांद्याला हात लावू नका, प्रेमाने सुद्धा नाही. आणि आपली खास गोव्याची सवय, "थांब, आमदाराला फोन लावतो". चाळीस आमदारांचं राज्य, प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असतोच, त्याच्या पण असणार. मग दोघंही फोन काढतात आणि गाडी तिथेच.

सॉरी म्हटलं तर समोरचा डोक्यावर बसणार नाही का?

मान दुखावलेला बसत नाही. लुटायला आलेला बसेल, म्हणून त्याला सॉरी म्हणायचं नाही, त्याला मोठ्याने "मागे हो!" म्हणायचं आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं. आणि एक, चूक तुमचीच असेल तर सॉरी हे काही डावपेच म्हणून नाही, ते तसंही म्हणायला हवंच ना.

बोलताना हात कुठे ठेवू? खिशात की मागे?

दोन्ही नाही. कोपर वाकवून दोन्ही हात छातीच्या उंचीला, तळवे समोरच्याकडे, बोटं मोकळी, म्हणजे आपण "अरे थांब, ऐक जरा" म्हणताना करतो तसंच. बघणाऱ्याला, आणि उद्या सीसीटीव्हीत, हा समजूत घालणारा माणूस दिसतो, पण फटका आलाच तर हात आधीच वर आहेत. एक पाय थोडा मागे. अंतर असं ठेवा की त्याला तुम्हाला लागायचं तर पाऊल टाकावं लागेल, ते पाऊल तुम्हाला दिसेल. भिंत, गटार, गाड्यांची रांग पाठीला नको.

स्कूटरवर असाल तर हेल्मेट काढू नका आणि गाडीवरून उतरू नका. रस्त्यावरच्या भांडणात माणूस आधी स्टँड लावतो, मग हेल्मेट काढून आरशाला अडकवतो आणि मग चालत जातो, म्हणजे निघून जायची सगळी सोय स्वतःच बंद करतो. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये हे रोज बघायला मिळतं.

कोणी "घाटी" (घाटापलीकडून आलेला, बाहेरचा) म्हणालं तर?

हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो आणि विचारणारे बरेचसे इथेच जन्मलेले असतात, आजोबा-पणजोबा डिचोली नाहीतर पेडण्याचे. राग येतो हे मान्य. पण भांडणात ती शिवी टाकली जाते ती विषय बदलायला, गाडीचं नुकसान कोणी भरायचं यावरून तुम्ही कुठले यावर. तुम्ही "मी घाटी नाही, माझे वडील..." असं सुरू केलंत की मूळ मुद्दा गेला आणि आता तुम्ही त्याच्यापुढे पुरावे देत उभे आहात. मी म्हणते, ऐकून सोडा आणि लगेच "बरं, इंडिकेटरचे पैसे कोण देणार ते बोला." तीनदा शिवी आली तर तीनदा हेच. चौथ्यांदा लोकच त्याला म्हणतात, सोड मरे.

तसंच आपणही बिहारी, झारखंडी मजुरांना काय काय म्हणतो ते जरा आठवा. असो.

घरात चवथीला (गणेश चतुर्थीला) पाहुणे जमले की कोकणी-मराठी वाद पेटतो, जेवण तसंच राहतं. कसं थांबवू?

थांबवायचं कशाला, नीट करा की. आमच्याकडे पण होतो.

न्यायशास्त्राच्या (कोर्टाचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) जुन्या लोकांनी चर्चेचे तीन प्रकार केलेत, गौतमाच्या न्यायसूत्रात आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला दोघं बसलेत. जल्प म्हणजे जिंकायला बसलेत. वितंडा म्हणजे स्वतःचं म्हणणं काहीच नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचं. घरातला काका नक्की कशात आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. एक प्रश्न विचारायचा: "काका, कुठली गोष्ट पुढे आली तर तुम्ही मत बदलाल?" काहीतरी उत्तर आलं तर पुढे बोला. "कायच नाही" असं आलं तर सोलकढी वाढा आणि उठा, तिथे तुम्ही कितीही बरोबर असलात तरी उपयोग नाही.

पुढे बोलणार असाल तर आधी माहिती आणि मत वेगळं करा, कारण अर्धा तास आरडाओरडा ज्यावर होतो ती गोष्ट फोनवर एका मिनिटात बघता येते. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित ठेवायचा यावर होता, भाषा कुठली यावर नव्हता. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. म्हणजे "सगळा गोवा" कुठल्याच बाजूला नव्हता. राजभाषा कायदा १९८७ चा, त्यात देवनागरीतली कोकणी राजभाषा आणि सरकारी कामात मराठीही वापरायची तरतूद. त्याच वर्षी ३० मे ला घटकराज्य झालं, आणि १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. हे सगळं नक्की आहे, यावर भांडायला काही शिल्लक नाही. शिल्लक काय? तर पुढे काय व्हायला हवं हे. त्यावर भांडा, ते भांडण्यासारखं आहे.

आणि पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, तेही असं की तो म्हणेल "हो हो, मला हेच म्हणायचं होतं". मग आपलं. माझ्या सासरी एक नियम केलाय, दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या पसंतीला उतरेल असं सांगितल्याशिवाय स्वतःचं बोलायचं नाही. पहिल्या वर्षी सगळे हसले. आता जेवण गरम असताना संपतं. वाद संपला नाही, तो कशाला संपेल.

ग्रामसभेत माझा आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो.

लिहून न्या. एकच प्रश्न, एकाच कागदावर, सर्व्हे नंबर आणि तारखेसकट. दहा तक्रारी घेऊन उभा राहिलेल्याची सर्वात कमकुवत तक्रार पकडून त्याला बसवतात. उत्तर टोलवलं तर त्याच आवाजात तोच प्रश्न पुन्हा, आणि "हे इतिवृत्तात घ्या" म्हणायचं. सरपंचावर वैयक्तिक गेलात की सरपंचाचं काम सोपं होतं.

पहिला फटका मी मारला तर मी गुन्हेगार का?

मी वकील नाही, पण हे मला नीट समजून घ्यावं लागलं कारण मुलांना शिकवायचं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, स्वसंरक्षणाची कलमं आता ३४ ते ४४, आधी ती ९६ ते १०६ होती. आशय जवळपास तोच.

अंगाला धोका आहे अशी वाजवी भीती निर्माण झाली की कलम ४० प्रमाणे तुमचा हक्क सुरू होतो, फटका बसेपर्यंत थांबायला हवं असं नाही. म्हणजे त्याने बाटली उगारली आणि तुम्ही आधी ढकललंत तर ते बसू शकतं. पण भीती संपली की हक्क पण संपला. तो खाली पडला, तुम्ही निघू शकत होता, तरी दोन लाथा घातल्यात, त्या दोन लाथा स्वसंरक्षण नाहीत. बहुतेक लोक अडकतात ते इथे, आणि आता प्रत्येक बघ्याच्या हातात कॅमेरा आहे.

कलम ३७ सांगतं की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे घरी जाऊन भावांना घेऊन परत आलात तर विषय संपला. नुसती शिवी दिली म्हणून मारलं हे स्वसंरक्षणात बसत नाही, शिवीला वेगळं कलम आहे, ३५२. दोघंही सार्वजनिक जागी भांडलात आणि शांतता बिघडली तर कलम १९४, दोघांवर. जीव घेण्यापर्यंत हक्क जातो तो फक्त कलम ३८ मधल्या गोष्टींत, जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला असल्या.

अजून एक लोकांना माहीत नसतं. दात तुटला किंवा हाड मोडलं की ती कायद्याने "जबर दुखापत", साधी मारहाण राहत नाही, सात वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिलेली आहे. एका बुक्कीत दात पडतो हो.

कोर्ट अगदी आंधळं पण नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हल्ला होत असताना माणसाने काटेकोर मोजून मापून बचाव करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. पण मी स्वसंरक्षण केलं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावरच येते, म्हणून ते आधीचं तळवे वर, "मागे हो", दोन पावलं मागे, हे सगळं साक्षीदारांना दिसलेलं कामाला येतं.

कराटे, ज्युडो, बॉक्सिंग, तायक्वांदो, क्राव मागा... काय शिकू?

मी ज्युडोवाली, म्हणजे माझ्याकडून निष्पक्ष उत्तर मिळणार नाही हे धरून चाला. तरी सांगते, नाव बघू नका, क्लासमध्ये जाऊन एक गोष्ट बघा: समोरचा पार्टनर खरंच विरोध करतोय का? जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं तेव्हा त्यांचा भर यावरच होता, धोकादायक डाव बाजूला काढले आणि जे राहिले ते पूर्ण ताकदीने, रोज, न मरता करता येतील असे ठेवले. ज्याला आपण रांदोरी, म्हणजे मोकळी झटापट, म्हणतो ते. वर्षभर हवेत कातिल डाव मारणाऱ्यापेक्षा वर्षभर खऱ्या माणसाशी झटापट केलेला वेगळाच असतो, कारण त्याला धक्का बसणं, श्वास लागणं, पडणं याची सवय झालेली असते.

बॉक्सिंग पण त्याच कारणासाठी उत्तम, तोंडावर फटका आला की डोळे मिटत नाहीत एवढं जरी शिकलात तरी पैसे वसूल. कराटेचे क्लास गावागावात आहेत, चांगले आहेत आणि वाईट पण आहेत, जिथे फक्त काता (एकट्याने हवेत करायचे ठरलेले डाव) आणि बेल्टची परीक्षा आणि बेल्टची फी चालते तिथे मुलाला शिस्त मिळेल, स्वसंरक्षण मिळेल असं नाही. तायक्वांदोत लाथा सुंदर, पण ओल्या टाइल्सवर जीन्स घालून डोक्याएवढी लाथ मारून बघा एकदा. वीकेंडच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपमधून उत्साह मिळतो, तो सोमवारपर्यंत टिकतो.

२०२३ ला गोव्यात ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली तेव्हा केरळचं कलरिपयट्टू आणि इंडोनेशियाकडचं पेंचाक सिलाट पण त्यात होते, त्यानंतर त्याबद्दल विचारणारे वाढलेत. जवळ चांगला शिक्षक असेल तर जरूर शिका. फोंड्याहून काणकोणला रोज जाणार असाल तर दोन महिन्यांत सोडाल.

एवढं सगळं नको, तीन-चारच गोष्टी सांगा.

पडायला शिका, ही पहिली. हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताने जमिनीवर सपाट थाप. मारामारीत माणसं बुक्कीने मरत नाहीत तेवढी बुक्कीनंतर मागे पडून डोकं पेव्हरवर आपटल्याने मरतात. आणि हे मारामारीत वापरायची वेळ येवो न येवो, जूनच्या पहिल्या पावसात गाडी घसरल्यावर येतेच. आमच्या क्लासमधून जे शिकून गेले त्यांचे सर्वात जास्त धन्यवाद याचेच येतात.

मनगट धरलं तर ओढाताण करू नका, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवून काढा, चार बोटांपेक्षा अंगठा एकटा. मारायचंच झालं तर मूठ नको, तळहाताचा मनगटालगतचा भाग, नाकाच्या किंवा हनुवटीच्या दिशेने. कवटीवर मूठ मारली की करंगळीच्या मागचं हाड मोडतं, आणि ते तुमचं. केस धरले तर त्याचा हात आपल्या डोक्यावरच दोन्ही हातांनी दाबून धरा, मग वाका.

आणि सुटलात की पळा. उजेडाकडे, माणसांकडे.

चाकू काढला तर?

पाकीट, फोन, किल्ली जे मागतोय ते एका बाजूला लांब फेका आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला. हातात द्यायला जवळ जाऊ नका.

चाकू हिसकावायचे डाव शिकवणारे व्हिडिओ बघून येणाऱ्यांना मी एक करून दाखवते. पांढरा टी-शर्ट घालायचा, समोरच्याच्या हातात लाल मार्कर, झाकण काढून, आणि त्याला सांगायचं की जमेल तसं मार, थांबू नको. अर्ध्या मिनिटाने टी-शर्ट काढून बघायचा. पोटावर, दंडाच्या आतल्या बाजूला, मानेवर रेघा, आणि त्या मुलाने डाव बऱ्यापैकी बरोबर केलेला असतो. त्यानंतर कोणी परत विचारत नाही. पळायला जागाच नसेल तर बॅग, हेल्मेट, खुर्ची जे हाताला लागेल ते मध्ये धरा.

पेपर स्प्रे ठेवू का?

ठेवा, पण बॅगेच्या तळाला नको. एक्सपायरी बघा. किनाऱ्यावर दिवसा वारा बहुतेक समुद्राकडून येतो, वाऱ्याकडे तोंड करून मारलात तर तुमच्याच डोळ्यांत. विमानाच्या केबिन बॅगेत चालत नाही, मोपा विमानतळावर काढून टाकायला लावतील.

बसमध्ये कोणी मुद्दाम चिकटत असेल, हात लावत असेल तर?

खाजगी बसमध्ये "फुडें वच, फुडें वच" करत माणसं कोंबतात आणि त्यात हे प्राणी असतातच. मी कॉलेजला असताना आम्ही सेफ्टी पिन ठेवायचो, आताच्या मुली पण ठेवतात. पण सर्वात जास्त चालतं ते तोंड. "अहो जरा सरका ना" असं हळू नाही. कपडा आणि कृती, मोठ्याने: "निळा शर्ट, हात काढ!" सगळ्या बसची मान निळ्या शर्टाकडे वळते, तुमच्याकडे नाही. त्याला ओळखत नसलात तरी आता सगळे ओळखतात. तो उलट ओरडेल, गर्दी आहे, एवढं वाटतं तर टॅक्सी करा. त्याच्याशी वाद घालायचा नाही, कंडक्टरला सांगायचं, बस थांबवा. हा दुसऱ्या प्रकारातला माणूस आहे, त्याची समजूत घालायची नसते.

तक्रार करायची असेल तर न्याय संहितेचं कलम ७४, पाठलाग करत असेल तर ७८. फोन ११२, महिलांसाठी १०९१ पण आहे, आणि गोवा पोलिसांची पिंक फोर्स फिरत असते. तक्रार कुठल्याही पोलिस स्टेशनला देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर मागा.

नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री पुतळे काढतात तेव्हा) मित्र भांडणात पडला, मी मध्ये पडू का?

आपल्या मित्राला मागून मिठी मारून हात आवळू नका, सगळे हेच करतात. त्याचे हात तुम्ही धरलेत आणि समोरचा मोकळा आहे, मार कोणाला बसणार? बाजूने या, कंबरेला किंवा खांद्याला धरून त्याला वळवा आणि चालायला लावा, पाय चालू लागले की डोकं मागून येतं. समोरच्या पार्टीला तुम्ही हात लावायचा नाही, त्यांच्यातलाच जो जरा शुद्धीवर असेल त्याला खुणेने सांगायचं, तुझा तू ने, माझा मी नेतो. पहाटे तीनला, डीजे फुल, प्रत्येकजण टाइट, तिथे मुद्दा कोणाचा ते कोणीच ऐकत नाही, ऐकू येतच नाही. दोन अनोळखी माणसं भांडत असतील आणि हत्यार दिसलं तर लांबून ११२.

मारामारी झालीच. नंतर काय?

अंगात अॅड्रेनलिन असेपर्यंत लागलेलं कळत नाही. हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं, काहींना रडू येतं, हे सगळं नॉर्मल. आधी स्वतःला वरपासून खालपर्यंत चाचपून रक्त कुठून येतंय का ते बघा.

डोक्याला मार बसला असेल तर दारू पिऊन झोपला म्हणून सोडून देऊ नका. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर माणूस आधी काही तास छान बोलतो-चालतो आणि मग ढासळतो. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, डोळ्यांची एक बाहुली मोठी एक लहान, बोलणं अडखळणं, यातलं एकही दिसलं तर सरळ बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात), रात्रीचे दोन असले तरी. आणि मुठीला समोरच्याचा दात लागून जखम झाली असेल तर ती कितीही बारीक दिसू दे, डॉक्टरला दाखवाच, त्या जखमा फार वाईट चिघळतात. दातावर लागलंय हे लाजून लपवू नका, नाहीतर तो नुसतं ड्रेसिंग करून पाठवेल.

हॉस्पिटलमध्ये मारहाण झाली असं सांगितलंत की मेडिको-लीगल केस नोंदवतात, तो कागद नंतर फार उपयोगी. फोटो काढा, बघणाऱ्यांचे नंबर घ्या, त्याच रात्री काय काय झालं ते क्रमाने लिहून ठेवा. साध्या मारहाणीत पोलिस अदखलपात्र नोंद घेतात, तेवढी तरी घ्यायला लावा, कारण उद्या समोरचा आधी जाऊन तुमच्या नावाने तक्रार देतो. आणि फेसबुकवर काही टाकू नका हो.

शाळेत माझ्या मुलाला एकजण मारतो. मी त्या मुलाला समज देऊ का?

मुलाला हात लावायचा नाही, एक चापट पण नाही. गोव्यात स्वतःचा बालकायदा आहे, २००३ चा, आणि मोठ्या माणसाने मुलावर हात उगारला तर प्रकरण त्या कायद्याखाली पणजीच्या बाल न्यायालयात जाऊ शकतं. मुलांचं भांडण चार दिवसांत मिटतं आणि बापाची केस चालू राहते, असं होतं. वर्गशिक्षकांना लेखी द्या, तारखा लिहून, उत्तर नाही आलं तर मुख्याध्यापकांना.

आपल्या मुलाला घरी सराव करून द्या. आरशासमोर नाही, तुमच्यासमोर, तुम्ही तो दुसरा मुलगा व्हा, टिफिन ओढा. मान वर, "सोड, माझं आहे" एवढं एकच वाक्य, न रडता, मग सरळ बाईंकडे. पहिल्या दिवशी हसतो, मग दोन-तीन दिवसांनी आवाज येतो.

किती वयाचं मूल क्लासला घालू? आणि पावसाळ्यात चालू असतो का?

सात-आठ वर्षांनंतर, त्याआधी ते फक्त कोलांट्या मारतात, तेही वाईट नाही. पावसाळ्यात चालू असतो, सुका टॉवेल आणि दुसरे कपडे घेऊन या, ओल्या पायांनी मॅटवर चढायचं नाही, नखं कापलेली पाहिजेत. चवथीत बंद.